लिव्हरवरचा हात

मी साइटवर पोचलो तेव्हा पहिला दगड माझ्या बॅगेवर बसला. लॅपटॉपची बॅग छातीशी धरलेली होती म्हणून बरगडी वाचली. दगड मारणाऱ्या बाईला मी कोण हे माहीत नव्हतं. माझ्या अंगात सर्व्हिस कंपनीचा निळा शर्ट होता, तेवढं तिला पुरेसं होतं.

कुळगाव मागे टाकून बारवी धरणाकडे निघालं की उजव्या हाताला तेव्हा एक नवी वसाहत उभी राहत होती. तिच्या सांडपाण्यासाठी सिमेंटचे मोठे पाइप जमिनीत घालायचं काम चालू होतं. चर माणसाच्या डोक्याच्याही वर जाईल इतका खोल. पाइप साखळीनं पोकलेनच्या बकेटला टांगायचा, उचलायचा आणि चरात हळूहळू सोडायचा. आमच्याकडे खोदाईचं कुठलंही मोठं मशीन म्हणजे पोकलेन, मग ते कोणत्याही कंपनीचं असो. मी अशी मशीनं दुरुस्त करतो. म्हणजे लोखंडाचं काम माझं नाही. मशीनमध्ये आता छोटे छोटे कंट्रोलर असतात, ते एकमेकांशी वायरीतून बोलतात, आणि ते बोलणं बंद पडलं की मला बोलावतात.

त्या दिवशी सकाळी मला फोन आला होता तो त्या मशीनच्या ऑपरेटरचा. बीडकडचा माणूस. मालकानं फोन करायला हवा होता, पण यानं स्वतःच केला.

"साहेब, मशीन उचक्या द्यायलंय. मधीच मरतंय, मधीच उठतंय. सुपरवायझरला चार दिवस सांगायलोय, तो म्हणतो चालव. तुम्ही आजच या."

मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये दुसऱ्या मशीनच्या कामात होतो. दुपारपर्यंत येतो म्हणालो, आणि दुपारी पोचलो. त्याआधी जे व्हायचं ते झालं होतं.

काय झालं ते तिथल्या ओरडण्यातूनच मला कळलं. पाइप साखळीला लटकत होता. खाली चरात एक तरुण मजूर दोन्ही हातांनी पाइपला दिशा देत होता. पाइप मातीत अडकला म्हणून ऑपरेटरनं तो थोडा वर घ्यायला लिव्हर ओढला. तेवढ्यात इंजिन बसलं आणि बूम, म्हणजे मशीनचा लांब लोखंडी हात, जागच्या जागी थांबली. मग इंजिन एकदम उठलं. बूम उसळली, पाइप चराच्या भिंतीवर आदळला, साखळी निसटली, आणि पाइप त्या पोराच्या उजव्या पायावर आला. गुडघ्याखाली पाय राहिलाच नाही म्हणत होते. पाइप हलवायला मशीन वापरायची कुणाची छाती झाली नाही. माणसांनी पहारी लावून तो सरकवला. पोराला टेम्पोत घालून उल्हासनगरला दवाखान्यात नेलं. चराच्या तळाशी चिखल होता आणि त्याचा रंग मी पाहिला. आजही लाल मातीचा ओला चर दिसला की मी आधी तळ बघतो.

पोराला रवाना केल्यावर लोक ऑपरेटरकडे वळले. केबिनची पुढची काच त्यांनी फावड्यांनी फोडली आणि त्याला त्या फुटक्या काचेतूनच बाहेर ओढला. दाराला कडी नव्हती, दार उघडंच होतं, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. जखमी पोराचा पाडा वर डोंगरात, साइटवरून दिसेल इतका जवळ. अर्ध्या तासात पाड्यातली माणसं उतरली. मी आलो तेव्हा ऑपरेटर साइटच्या पत्र्याच्या कंटेनरमध्ये कोंडलेला होता आणि बाहेरून माणसं त्या पत्र्यावर पहारी मारत होती. प्रत्येक घावाबरोबर पत्रा आत जायचा आणि आतून आवाज यायचा. त्याला ओरडणंही म्हणता येणार नाही. मार खाऊन दमलेलं जनावर करतं तसा आवाज.

सुपरवायझर कंटेनरच्या दाराशी उभा होता. ऑपरेटरला वाचवायला त्यानं कोंडलं असेल असं मला क्षणभर वाटलं. त्यानं माझा दंड धरला.

"इंजिनियर, बरा आलास. मशीन चेक कर आणि सांग, मशीन एकदम ओके. माणूस पिऊन बसला होता. विषय संपला."

"प्यायला होता?"

"तू सांग ना प्यायला होता. तुझं काय जातंय?"

"मला आधी त्याला भेटू द्या."

तो हसला. "भेट. जिवंत आहे तोवर भेटून घे."

आत अंधार आणि उकाडा. ऑपरेटर सिमेंटच्या गोण्यांना टेकून बसला होता. डावा कान अर्धा फाटून लोंबत होता. पुढचे दात गेले होते, काचेनं दोन्ही दंड सोललेले. मी मुद्दाम त्याच्या तोंडाजवळ वाकलो. रक्ताचा वास होता, डिझेलचा होता, लघवीचा होता. दारूचा नव्हता.

"साहेब," तो म्हणाला, दातांच्या जागेतून हवा जात होती, "मी तुम्हाला बोललो होतो का नाही?"

"बोलला होतात."

"मग ते त्यांना सांगा. एवढंच सांगा. मला बायको हाय, साहेब."

मी बाहेर आलो आणि सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, की हा माणूस सुपरवायझरला चार दिवस सांगत होता, आणि आज सकाळी त्यानं मलाही फोन करून मशीन बिघडल्याचं कळवलं होतं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या तोंडावर ठोसा बसला. मी खाली बसलो. खालचा ओठ दातांवर फाटला.

"फोन केला म्हनून पाय परत येल काय रं?" मारणारा माझ्याच वयाचा होता. "म्हायती व्हता ना मशीन खराब हाय? मंग चालवला कशाला?"

मी जमिनीवर रक्त थुंकलो.

इथे मला माझ्या सरांबद्दल सांगायला हवं. माझे आईवडील शहापूरकडे वीटभट्टीवर काम करायचे. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. उल्हासनगरच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सला प्रवेश मिळाला तेव्हा मला वर्गात बोलायचीच भीती वाटायची, कारण मी बोललो की मुलं माझी नक्कल करायची. म्हणून प्रॅक्टिकलला सरांनी काही विचारलं की मी घाईघाईत काहीतरी बोलून मोकळा व्हायचो. सर एकदा माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "बाळा, आधी मीटर लाव, मग तोंड उघड. मीटर लावलेल्या माणसाची नक्कल कुणी करत नाही." माझी नोकरी, माझा पगार, उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली माझी खोली, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, हे सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे असं मी आजही मानतो. त्या दिवशी जमिनीवर बसून रक्त थुंकताना मला तेच वाक्य आठवलं. मी मीटर न लावता तोंड उघडलं होतं.

मी उठलो आणि त्यांच्यात सगळ्यात म्हातारा कोण ते पाहिलं. पिकलेले केस, कमरेला आकडीत अडकवलेला कोयता. इतका वेळ त्यानं कुणाला हात लावला नव्हता, पण बाकीचे घाव घालण्याआधी त्याच्याकडे बघत होते. तो त्या पोराचा बाप होता.

"बाबा," मी म्हणालो, आणि न ठरवता माझ्या तोंडून घरची भाषा आली, कॉलेजात लपवायचो ती. "मी पन भट्टीवरल्या मानसाचा पोर हाय. मना मशीन बघू द्या. काय झाला ता तुमाला दाखवतो. कागदावर नाय, डोल्यासमोर दाखवतो."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बग," तो म्हणाला. "पन खोटा बोललास तं तुला बी त्याच्या संगतीच गाडीन. त्याच चरात."

सुपरवायझर पुढे आला. "अरे बाबा, हे कंपनीवाले, हे काय पण दाखवतील लॅपटॉपवर—"

"तू गप रं," म्हातारा त्याच्याकडे न बघता म्हणाला.

मशीनमध्ये चढलो. सीटवर काचांचा खच होता, लिव्हरला रक्त लागलेलं. मागून चार माणसं मशीनच्या लोखंडी ट्रॅकवर चढून माझ्या मानेवर श्वास सोडत होती. मी चावी फिरवून लॅपटॉप जोडला. पडद्यावर तेच दिसलं जे मला वाटलं होतं: इंजिनचा कंट्रोलर म्हणत होता की पंपाचा बोलत नाही, पंपाचा म्हणत होता की इंजिनचा बोलत नाही. दोघांची तक्रार एकमेकांविरुद्ध. अशा वेळी नवखा माणूस एखादा कंट्रोलर बदलतो आणि फसतो. दोघंही एकमेकांना मुकं म्हणत असतील तर दोष बहुधा कुणाचाच नसतो, मधल्या वायरीचा असतो.

त्या दोन वायरी असतात, बारीक, एकमेकींना पीळ घातलेल्या. मशीनची सगळी बोलणी त्यांच्यातून जातात. मी चावी बंद केली, बॅटरीचा मेन स्विच काढला आणि दोन वायरींमध्ये मीटर लावला. साठच्या आसपास आकडा यायला हवा. साठ आला. मागचा एकजण माझ्या खांद्यावर फावड्याचा दांडा टेकवून म्हणाला, "काय, ठीक हाय ना? मंग?"

मीटर लावलेलाच ठेवला आणि एका हातानं वायरीचा मार्ग चाचपत गेलो. सीटच्या मागे, काही नाही. फरशीखाली, काही नाही. उजव्या लिव्हरच्या खोक्याखाली एक जोड असतो. त्याला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच ठोकलं आणि आकडा पळाला. वर गेला, शून्याकडे कोसळला, परत साठ. पुन्हा ठोकलं, पुन्हा पळाला.

खोकं उघडलं. लिव्हरच्या बुडाशी रबराचं आवरण असतं, ते फाटलं होतं. त्याच्या बरोबर खाली तो जोड. जोडाचं मूळचं रबरी सील कधीतरी हरवलं असावं. त्या जागी कुणीतरी काळी टेप गुंडाळली होती. टेप सोडवली तर आत हिरवं. तांब्याच्या पिनांवर हिरवी साय, आणि त्या सायीत मेलेल्या मुंग्या. भरपूर मुंग्या. मी बोट लावलं, बोट चिकटलं.

नुसत्या पाण्यानं चिकटपणा येत नाही. नुसत्या पाण्याला मुंग्या लागत नाहीत.

मला अंदाज आला, पण तो मी तिथे बोललो नाही. आधी दाखवायचं होतं. बॅटरी जोडली, चरापासून सगळ्यांना लांब केलं, बकेट मोकळी आहे हे पाहिलं. "कुणीतरी लिव्हर धरून बसायला लागेल," मी म्हणालो. "मी खाली जोडाशी हात घालून बसेन. मशीन कुणी हलवलं असं मग तुम्हाला वाटायला नको."

कुणीच पुढे येईना. ज्या मशीननं डोळ्यांदेखत पाय चेचला त्याच्या सीटवर कोण बसणार?

"मी बसतो," म्हातारा म्हणाला.

कोयता काढून त्यानं केर लोटावा तसा सीटवरच्या काचांवर आडवा फिरवला, काचा खाली पडल्या, आणि तो बसला. त्याचा हात मी लिव्हरवर ठेवला. त्या हाताला झाडाच्या सालीसारख्या भेगा होत्या. "हलूच मागं ओढा बाबा. बूम वर जाईल. ओढून धरा, मशीन मरेल, मग उसळेल, तेव्हा मी सोडा म्हणालो की सोडा."

इंजिन चालू केलं. म्हाताऱ्यानं लिव्हर ओढला, बूम सावकाश वर निघाली. खाली सगळे मान वर करून बघत होते. मी गुडघ्यावर बसून त्या हिरव्या जोडाला अंगठ्यानं दाबलं.

इंजिन बसलं. बूम थांबली. एक, दोन श्वास काहीच नाही. मी अंगठा काढला आणि मशीन अख्खं उसळलं. बूम वर झेपावली, ट्रॅक जमिनीवर दणाणला, मी मागच्या पत्र्यावर आपटलो, आणि खालून बायकांची किंकाळी आली. म्हातारा सीटवरून अर्धा उडाला. मी ओरडलो, "सोडा! बाबा, हात सोडा!" तरी बूम जात राहिली. शेवटी मीच त्याच्या हातावरून लिव्हर पुढे ढकलला आणि चावी बंद केली.

केबिनच्या चौकटीत अडकलेली काच तेवढी गळत होती.

म्हातारा खाली उतरला. "म्हंजे मशीन आपुनच उसललां," तो म्हणाला. कुणाला उद्देशून नाही, स्वतःशीच. मग माझ्याकडे वळून, "आतमंदी काय झालाय?"

मी जोड त्याला दाखवला. हिरवं दाखवलं, मुंग्या दाखवल्या. सांगितलं, की गोड पाणी आत झिरपत गेलं आणि पिना खाल्ल्या गेल्या.

"गोड पानी? कसला गोड पानी?"

खोटं बोलायची ती जागा होती. मी सरबत म्हणू शकलो असतो, उसाचा रस म्हणू शकलो असतो. पण चरात गाडीन असं त्यानं मला सांगितलं होतं, आणि ते मी विसरलो नव्हतो. शिवाय मला खरंच वाटत होतं की खरं कळलं की हे सगळं थांबेल.

"नारळाचं असावं," मी म्हणालो.

प्रत्येक नव्या साइटवर मशीन लागलं की ऑपरेटर लोक नारळ फोडतात. बकेटच्या दातांवर फोडतात, हळदकुंकू लावतात. या ऑपरेटरची आणखी एक पद्धत मी आधीच्या एका साइटवर पाहिली होती. नारळाचं पाणी तो लिव्हरवर ओतायचा, मशीनला पाजल्यासारखं. आणि ज्या गावची जमीन, त्या गावच्या जाणत्या माणसाच्या हातून ओतायचा. मान म्हणून. इथे तो मान त्यानं कुणाला दिला होता हे मला माहीत नव्हतं. पण मी नारळ म्हणालो आणि सगळ्यांच्या माना म्हाताऱ्याकडे वळल्या, तेव्हा कळलं.

सुपरवायझरनं ती संधी सोडली नाही.

"ऐकलं का? ऐकलं ना सगळ्यांनी? त्या भडव्यानंच ओतायला लावलं! लाखांच्या मशीनमध्ये नारळाचं पाणी! बाबा, तुमच्या हातानं तुमच्याच पोराचा पाय घेतला त्यानं!"

मी सांगायला गेलो, की एका नारळानं हे होत नाही, ही हिरवी साय साइटमागून साइट चढलेली आहे, की सील हरवलं तो दोष खरा. कुणी ऐकलं नाही. माणसं पुन्हा कंटेनरकडे धावली, आणि या वेळी पत्र्याला मारत बसली नाहीत. दाराची कडी पहारीनं उचकटली. ऑपरेटरला पायांना धरून बाहेर ओढलं, त्याचं डोकं उंबऱ्यावर आपटलं तो आवाज मला ऐकू आला. पहिली लाथ पोटात. दुसरी त्याच फाटक्या कानावर. मला ठोसा मारणाऱ्यानं फावडं उलटं धरलं आणि दांड्यानं त्याच्या पाठीवर घाव घातला. दांडा मोडला. मी मध्ये पडलो तर कुणीतरी मला मानगुटीला धरून बाजूला फेकलं, माझ्याकडे न बघताच, वाटेतली खुर्ची बाजूला सारावी तसं. जे मी मीटर लावून शोधून काढलं होतं त्यानंच हा माणूस मरणार हे मला दिसत होतं.

"आरं, हात का सोडला नाय?" मारणारा ऑपरेटरचे केस धरून विचारत होता. "मशीन मेला तवा लिव्हर सोडला अस्ता तं उसललां नस्तां! का सोडला नाय? बोल! ए इंजिनियर, तू सांग, सोडला अस्ता तं काय झाला अस्ता?"

सगळे थांबले. प्रश्न मला होता. ऑपरेटरनं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"काही झालं नसतं," मी म्हणालो. ते खरं होतं. इंजिन बसल्याबरोबर त्यानं हात सोडला असता तर इंजिन उठल्यावर बूम जागची हलली नसती, आणि पोराचा पाय आज जागेवर असता.

मोडक्या दांड्याचं टोकदार लाकूड वर गेलं.

"माजा बी नाय सुटला," म्हातारा म्हणाला.

तो ट्रॅकला टेकून उभा होता. आवाज चढवला नव्हता, तरी दांडा वरच राहिला.

"मना तं म्हायती व्हता. यानं आदीच सांगितला व्हता मशीन मरनार, मंग उसलनार. सगला म्हायती असून मी बसलो. मशीन मेला आनी मी काय केला? आजून जोरात ओढला. ह्यो वरडत व्हता सोडा, सोडा. माजा हात आयकंना." त्यानं उजवा हात पुढे केला. मूठ वळलेली होती, लिव्हर अजून हातात असल्यासारखी. "आनी पानी मीच वतला. मान घेतला ना मी? मंग? मारा मना."

मग मारणाऱ्यानं दांडा टाकला नाही, तो फेकला. सुपरवायझरच्या दिशेनं. तो त्याच्या गालफडाला लागला, रक्त आलं. "चार दिस सांगत व्हता ना तुला हा मानूस? चार दिस!" सुपरवायझर मोटरसायकलकडे पळाला. तिघं त्याच्या मागे लागले. त्याला गेटपाशी गाठलं. तिथे काय झालं ते मी पाहिलं नाही, ऐकलं.

मी ऑपरेटरला उचलायला वाकलो तर म्हातारा आधीच वाकलेला होता. त्याच्या बगलेत हात घालून त्यानं त्याला उभा केला आणि उभा केल्यावर, मला कळायच्या आत, त्याच्या थोबाडीत मारली. एकच. जखमी बाजूला नाही, दुसऱ्या. मग त्याला टेम्पोपर्यंत नेला. तोच टेम्पो पोराला सोडून परत आला होता, हौद्यात रक्त सुकलं होतं. म्हातारा हौद्यात बसला, ऑपरेटरला शेजारी बसवला आणि डाव्या हातानं त्याची कॉलर धरली. पडू नये म्हणून धरली की पळू नये म्हणून, ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही सांगता येत नाही. वाटेत पाड्याची आणखी माणसं खाली उतरत होती. पण म्हाताऱ्याच्या शेजारी बसलेल्या माणसाला कुणी ओढून काढलं नाही. टेम्पो रस्त्याला लागला तेव्हाही म्हाताऱ्याचा उजवा हात मांडीवर होता आणि मूठ तशीच वळलेली.

पोराचा पाय गुडघ्यातून कापावा लागला. ऑपरेटरचा डावा कान गेला, ऐकूही येईना. दोघं एकाच वॉर्डात होते. मी ओठाला टाके घालायला गेलो तेव्हा पाहिलं, म्हातारा दोन खाटांच्या मधे जमिनीवर झोपला होता.

मशीन मी दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलं. पिना बदलल्या, खरं रबरी सील घातलं, लिव्हरचं आवरण नवं लावलं. मीटर साठवर गेला आणि ठोकून ठोकून तिथेच राहिला. केबिनमधल्या काचा गोळा करून बाहेर टाकल्या. पोलिसांनी विचारलं, दोष मशीनचा की माणसाचा, आणि मी दोन्ही सांगितलं. माझ्या वरिष्ठांना त्यातला माणसाचा तेवढा हवा होता. सुपरवायझरला मी त्याच्या वाट्याचा दोष दिला. पण हात सोडायला हवा होता हेही मी लपवलं नाही, आणि ऑपरेटरनं त्याबद्दल माझ्याशी कधी भांडण काढलं नाही. तो आता पाटोद्याला भावाच्या ट्रॅक्टरवर असतो. फोनवर मोठ्यानं बोलावं लागतं.

त्यानंतर मी एक गोष्ट करतो, जी माझ्या कामाचा भाग नाही आणि जी मला कुणी शिकवली नाही. मांजर्लीला, वांगणीला, जिथे मशीन दुरुस्त करतो तिथे निघण्याआधी ऑपरेटरला सीटवर बसवतो. बकेट मोकळी, आसपास माणूस नाही. सांगतो, दादा, आता मी इंजिन पाडणार आहे. इंजिन बसलं की त्याच क्षणी लिव्हर सोडायचा. कळलं? तो हसतो. म्हणतो, साहेब, वीस वर्षं मशीनवर आहे, एवढं कळत नाही का? मग मी खाली वाकून वायर सोडतो. इंजिन बसतं, बूम थांबते.

आजवर एकानंही पहिल्या वेळी हात सोडलेला नाही. सगळे आणखी जोरात ओढतात. तेव्हा मी स्क्रूड्रायव्हर उलटा धरतो आणि त्याच्या मनगटावर मुठीनं मारतो. हळू मारून उपयोग नाही हे मला आता माहीत आहे. हात सुटेपर्यंत मारतो. ते शिव्या देतात, एकानं माझी गचांडी धरली होती. मी पुन्हा चावी फिरवतो आणि म्हणतो, परत.